गडावरची माणसं, पायथ्याची पेठ

१६०१ च्या जानेवारीत असीरगडाचे दरवाजे उघडले आणि आतली माणसं खाली उतरू लागली. आठवडाभर ती उतरतच होती. शिपाई, गोलंदाज, त्यांच्या बायका, कडेवरची पोरं, थकलेले आईबाप, कारागीर, चाकर, आणि पाठीवर मावेल तेवढा संसार. मोगल इतिहासकारांनी आकडा दिला आहे तो चौतीस हजारांचा. दरबारी आकडे सैल हाताने लिहिले जात, म्हणून तो निम्म्यावर आणला तरी प्रश्न उरतोच. ज्याच्या माथ्यावर जेमतेम साठ एकरांचं पठार आहे अशा डोंगरावर एवढी माणसं राहत कशी होती? खात काय होती, पाणी कुठलं पीत होती, मेलेल्यांना पुरत कुठे होती?

असीरगडाबद्दल आपल्याकडे जे थोडंफार लिहिलं गेलं आहे त्यात हे प्रश्न क्वचितच येतात. ‘दख्खनचा दरवाजा’ हे बिरुद येतं, अकबराचा वेढा येतो, अश्वत्थामा येतो. माझ्या मते या गडाचा इतिहास लढायांचा आहे त्याहून अधिक वस्तीचा आहे. गड ज्या ज्या वेळी पडला, त्या प्रत्येक वेळी कारण आत राहणाऱ्या माणसांपाशी सापडतं. कुठे त्यांचा विश्वास नडला, कुठे आजार, कुठे सोनं, कुठे खचलेलं मन, कुठे संपत आलेला दारूगोळा. आणि फौजा निघून गेल्यावर मागे राहिली तीही वस्तीच. पायथ्याचं लहानसं असीरगड गाव राहिलं, आणि वीसेक किलोमीटर दक्षिणेला तापीकाठी बऱ्हाणपूर राहिलं. त्या शहराचे बुधवारा, इतवारा, शनवारा हे मोहल्ले याच गडाच्या आधाराने वाढले.

आधी जागा पाहू. सातपुड्याची रांग इथे थोडी वाट देते. उत्तरेला नर्मदेचं खोरं, दक्षिणेला तापीचं, आणि मधल्या खिंडीतून माळव्याकडून खानदेशात, वऱ्हाडात उतरणारा जुना रस्ता. त्या रस्त्यावर नजर ठेवून एक सुटा डोंगर उभा आहे, पायथ्यापासून सुमारे साडेआठशे फूट उंच. वरचा कडा बहुतेक ठिकाणी सरळ तुटलेला, आणि जिथे निसर्गाने कुचराई केली तिथे माणसांनी तट घातला. गडाचे तीन मजले आहेत: माथ्यावर मूळ असीरगड, त्याखाली कमरगड, आणि सर्वांत खाली मलयगड. त्याच्याही खाली पेठ. सपाटीवरून पाहिलं तर माथ्यावरच्या मशिदीचे दोन मिनार आधी दिसतात, तट नंतर.

गडाचं नाव आसा अहिर या गवळ्यावरून पडलं असं सांगतात. ही कथा फरिश्त्याने लिहून ठेवली. तो विजापूरच्या दरबारातला इतिहासकार. १६०४ मध्ये आदिलशाही राजकन्येला अकबराचा मुलगा दानियाल याच्याशी लग्नासाठी घेऊन तो स्वतः बऱ्हाणपूरला आला होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे आसाकडे हजारोंनी गाई-म्हशी होत्या, धान्याची कोठारं होती. दुष्काळ पडला तेव्हा त्याच्या बायकोच्या आग्रहावरून कोठारं उघडली गेली आणि भुकेल्या लोकांच्या हाताला काम म्हणून डोंगरावर तट उभे राहिले. कथा शब्दशः खरी मानण्याचं कारण नाही. असीरचं नाव त्याआधीच्या शतकांतही ऐकू येतं. तरी मला ती महत्त्वाची वाटते. इथल्या लोकांनी आपल्या गडाचा आरंभ राजाच्या पराक्रमात शोधला नाही, तो दुष्काळातल्या धान्यात आणि मजुरीत शोधला. या मुलखात गुरं, धान्य आणि पाणी ज्याच्याकडे, त्याच्याच आसऱ्याला माणसं जमत.

मग फारुकी आले. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाने या घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा याला थाळनेरचा मुलूख दिला. आजच्या धुळे जिल्ह्यातलं, तापीकाठचंच हे थाळनेर. १३९९ मध्ये मलिक राजा वारला आणि त्याचा मुलगा नासीर खान याने असीरवर डोळा ठेवला. गड लढून घेणं शक्य नव्हतं. त्याने आसाला निरोप धाडला की बागलाण आणि अंतूरचे राजे माझ्यावर उठलेत, थाळनेर माझ्या भावाकडे आहे, माझा जनाना तुमच्या गडावर सुरक्षित राहील, तेवढी कृपा करा. आसाने होकार दिला. पहिल्या दिवशी डोल्या आल्या त्यांत खरोखर बायका होत्या. दुसऱ्या दिवशी दोनशे डोल्या आल्या. स्वागताला आसा आपल्या मुलांसह पुढे आला, पडदे दूर झाले, आणि आतून हत्यारबंद शिपाई उतरले. आसाच्या घरातलं कुणी वाचलं नाही.

डोल्यांची ही युक्ती शेरशहा आणि रोहतासच्या किल्ल्याबद्दलही सांगतात, म्हणून अभ्यासक साशंक असतात. ते योग्यच आहे. पण एवढं निश्चित दिसतं की पंधराव्या शतकाच्या तोंडावर गड फारुकींकडे आला, आणि त्याच्याच बळावर नासीर खानाने तापीच्या काठी नवं शहर वसवलं. खुलताबादला ज्यांचा दर्गा आहे त्या सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने बऱ्हाणपूर, आणि पलीकडच्या काठावर त्यांचे शिष्य झैनुद्दीन यांच्या नावाने झैनाबाद. फरिश्ता म्हणतो की झैनुद्दीन स्वतः तापीकाठी आले, गडावर यायला त्यांनी नकार दिला, आणि जहागिरीऐवजी दोन वस्त्यांची मागणी केली. साल मात्र जुळत नाही; झैनुद्दीन १३६९ मध्येच निवर्तले होते. लोकस्मृतीने संताला तीस वर्षं उशिरापर्यंत जिवंत ठेवलं ते का, हे समजण्यासारखं आहे. विश्वासघाताने घेतलेल्या गडाखाली वसणाऱ्या शहराला कुणाचा तरी आशीर्वाद हवा होता.

पुढची दोनशे वर्षं गड आणि शहर यांनी कामं वाटून घेतली. शहरात दरबार, बाजार, विणकर. गडावर खजिना, दारूगोळा, धान्य, आणि राजघराण्यातले पुरुष. फारुकींच्या घराण्यात गादीवर बसलेल्याचे भाऊबंद गडावर नजरकैदेत ठेवण्याची रीत होती. त्यांचे संसार तिथेच होत, मुलंबाळंही तिथेच जन्मत. म्हणजे बऱ्हाणपूरच्या गादीचे वारस वाढत ते तापीकाठच्या महालात नव्हे, असीरच्या तटाआड. जगाशी ज्याचा संबंध आला नाही असा माणूस एके दिवशी एकदम सुलतान व्हायचा. याची किंमत फारुकींना शेवटी मोजावी लागली.

त्यांच्यातला सर्वांत जाणता राजा अली खान, म्हणजे चौथा आदिलशहा. त्याने बऱ्हाणपूरची जामा मशीद पुरी केली. तिच्यात अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेख आहे. शके १५११ ची, म्हणजे जानेवारी १५९० ची तिथी त्यात दिली आहे आणि फारुकींची वंशावळ सांगितली आहे. गडावरच्या मशिदीतही त्याने संस्कृत लेख बसवला. आपली प्रजा कोण आहे हे ओळखून दगडावर लिहिणारा हा राजा होता. उत्तरेला अकबर, दक्षिणेला निजामशाही, अशा कात्रीत त्याने वीसेक वर्षं राज्य सांभाळलं. १५९७ मध्ये गोदावरीकाठच्या लढाईत, मोगलांच्या बाजूने लढताना, तो पडला. गडावर वाढलेला त्याचा मुलगा बहादूर खान सुलतान झाला आणि त्याला वाटलं की असीर आहे तोवर अकबराला मुजरा करण्याची गरज नाही.

१६०० च्या वसंतात अकबर स्वतः बऱ्हाणपुरात येऊन बसला. शहर त्याला लढाईशिवाय मिळालं. बहादूर खान गडावर गेला आणि जाताना त्याने एक घातक गोष्ट केली. आजूबाजूची जेवढी माणसं, जेवढी गुरं वर घेता येतील तेवढी घेतली. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल या मोहिमेत हजर होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गडावर लाखाहून अधिक जनावरं कोंडली होती. घाणीने हवा दूषित झाली, रोगराई पसरली आणि पंचवीस हजार माणसं दगावली. लोकांचे पाय लुळे पडत, डोळ्यांची दृष्टी जाई. गडावर असलेल्या पोर्तुगीज तोफचींची हकिकत जेजुइट पाद्र्यांच्या पत्रांतून आली आहे. ती वेगळीच आहे. तिच्यात साथीचं नाव नाही, आणि अकबराने सोनं चारून दरवाजे उघडवले असं सरळ म्हटलं आहे. इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथने पाद्र्यांवर विश्वास ठेवला आणि साथीची गोष्ट दरबारी बनाव ठरवली. मला दोन्ही एकाच वेळी खरं असायला हरकत दिसत नाही. लुळे पडलेले पाय आणि गेलेली दृष्टी ही महिनोन्महिने ताजी भाजी, फळं न मिळालेल्या माणसांची लक्षणं वाटतात. अशा कोंडलेल्या वस्तीत सोन्याची पिशवी आली तर तिला नको म्हणणारे थोडेच उरतात.

तो वेढा वर्षाअखेरपर्यंत टिकला. दरम्यान ऑगस्टमध्ये अहमदनगर पडलं. डिसेंबरात मोगलांनी खालचा मलयगड घेतला आणि बहादूर खान बोलणी करायला खाली आला. त्याला परत जाऊ दिलं नाही. तरी गड तसाच लढत राहिला, कारण वर याकूत खान हा म्हातारा हबशी किल्लेदार होता. त्याची दृष्टी गेली होती. गड देऊन टाका असा बहादूरचा निरोप घेऊन त्याचा स्वतःचाच मुलगा वर आला. म्हाताऱ्याने त्याचा धिक्कार केला. मग त्याने नजरकैदेतल्या फारुकी राजपुत्रांना विचारलं की तुमच्यापैकी कोण गादीवर बसून गड लढवील? कुणीच पुढे आलं नाही. याकूतने अफू घेऊन जीव दिला. या सगळ्या वेढ्यात मला हा आंधळा किल्लेदार सर्वांत मोठा वाटतो. आयुष्यभर ज्या पोरांना त्याने तटाआड सांभाळलं, त्यांच्यात राजा व्हायची हिंमत त्या तटांनीच शिल्लक ठेवली नव्हती. बहादूर खानाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली आणि फारुकींचं राज्य संपलं.

मोगल काळात वजन गडावरून शहराकडे सरकलं. बऱ्हाणपूर हा दख्खनच्या मोहिमांचा मुख्य तळ बनला आणि तळाचं रूप त्याने बराच काळ सोडलं नाही. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्रज राजदूत सर टॉमस रो इथे जहांगीरचा मुलगा शाहजादा परवेझ याला भेटला. त्याने लिहिलं आहे की शाहजाद्याचा, मोगल सरदार खानखानानाचा आणि आणखी काही मोजके वाडे सोडले तर सारं शहर मातीच्या झोपड्यांचं आहे. ते खरंच असणार. फौज येते, तिच्यामागे वाणी येतो, शिकलगार येतो, नालबंद येतो, कापडवाला येतो. मुक्काम वाढत जातो, पालाच्या जागी कुडाची भिंत येते, मग मातीची. वाराच्या बाजारांची नावं मोहल्ल्यांना चिकटतात. पुण्यात बुधवार आणि शनिवार पेठ, नागपुरात इतवारी, तसा इथे बुधवारा आणि शनवारा. फरक एवढाच की इथला आरंभ लष्कराच्या बुणग्यांनी झाला.

त्याच १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानानाच्या कारकिर्दीत पाण्याची ती अद्भुत योजना उभी राहिली जिला कुंडी भंडारा म्हणतात. सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत गोळा करायचं आणि नुसत्या उताराच्या जोरावर शहरापर्यंत न्यायचं. बोगद्याच्या वाटेवर शंभराहून अधिक कुंड्या आहेत, उजेड आणि हवा यावी आणि माणसाला उतरून सफाई करता यावी म्हणून. पाणी जाली करंज या हौदापर्यंत येई आणि तिथून शहरात फिरे. फौजेच्या तळाचं शहर झालं ते या पाण्यामुळे. विणकर, रंगारी, छिपे यांना पाण्यावाचून एक दिवस चालत नाही. तावेर्निए हा फ्रेंच व्यापारी १६४१ मध्ये इथून गेला. बऱ्हाणपूरची तलम वस्त्रं इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जातात असं त्याने नोंदवलं. त्याच्या दहा वर्षं आधी या शहराने फार वाईट दिवस पाहिले होते. १६३० ते ३२ च्या भीषण दुष्काळात शाहजहान इथेच तळ देऊन होता, आणि १७ जून १६३१ रोजी मुमताज महल बाळंतपणात इथेच वारली. सहा महिने तिचं दफन झैनाबादच्या बागेत होतं, मग शव आग्र्याला नेलं. ताजमहालाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्याच वर्षी याच रस्त्यांवर अन्नावाचून मेलेल्यांची कबर कुठेच नाही.

मराठी वाचकाला बऱ्हाणपूर आठवतं ते संभाजी महाराजांच्या स्वारीने. जानेवारी १६८१ च्या अखेरीस मराठी फौजा बहादूरपुऱ्यावर तुटून पडल्या. शहराच्या कोटाबाहेरचा हा श्रीमंत पुरा. सराफ, व्यापारी इथे राहत. तीन दिवस लूट चालली, आसपासचे पुरेही सुटले नाहीत. कोटाच्या आतलं शहर मात्र वाचलं. मोगल इतिहासकार खाफी खानाने जे वर्णन केलं आहे त्यात लोकांचा आक्रोश आहे आणि तो आपणही ऐकला पाहिजे, स्वारी आपली असली तरी. लष्करी तळाभोवती वाढलेल्या वस्तीचं हे नेहमीचं प्राक्तन. तळाच्या जवळ राहून ती पैसा मिळवते, आणि शत्रू आला की तळाबाहेर असल्याने पहिला घाव तिच्यावर बसतो. पुढे १७३१ मध्ये निजामुल्मुल्क आसफजाहने शहराभोवती विटांचा नवा तट आणि दरवाजे उभे केले. शनवारा, इतवारा ही मोहल्ल्यांची नावं दरवाजांनाही मिळाली. १७४८ मध्ये तो निजाम इथेच वारला.

फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला आणि तहात बऱ्हाणपूर व असीरगड पेशव्यांकडे आले. पुढच्याच वर्षी पानिपत झाल्याने या मिळकतीचा आनंद कुणाच्या लक्षात राहिला नाही. १७७८ मध्ये पेशव्यांनी हा मुलूख महादजी शिंद्यांना दिला. उत्तरेत जाणाऱ्या-येणाऱ्या मराठी फौजांची ही हक्काची वाट झाली, आणि खिंडीखालच्या पेठेला पुन्हा रहदारी मिळाली.

आता त्या पेठेकडे नीट पाहू. १८०३ मध्ये असईला इंग्रजांनी शिंद्यांचा पराभव केल्यावर त्यांचा कर्नल स्टीव्हन्सन उत्तरेला सरकला. १६ ऑक्टोबरला बऱ्हाणपूर घेतलं. १८ तारखेला असीरगडाची पेठ घेतली. २० तारखेला तोफा डागल्या, तासाभरात गडावर पांढरं निशाण दिसलं, आणि २१ ला गड ताब्यात आला. शिंद्यांची फौज पांगली होती, मदत येणार नव्हती, आणि आतल्या शिबंदीला ते कळत होतं. डिसेंबरात सुर्जी-अंजनगावच्या तहाने गड आणि शहर शिंद्यांना परत मिळालं. सोळा वर्षांनी पुन्हा तेच. या वेळी किल्लेदार होता यशवंतराव लाड. फेब्रुवारी १८१९ मध्ये नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले आणि पेंढाऱ्यांचा म्होरक्या चितू असे दोघे इंग्रजांना चुकवत गडाच्या दाराशी आले. आप्पासाहेबांना आत घेतलं. चितूला जंगल धरावं लागलं आणि तिथे त्याला वाघाने खाल्लं. इंग्रजांनी गड मागितला. लाडाने दिवस काढले, बोलणी लांबवली, पण गड सोडला नाही.

१८ मार्चला डोव्हटन आणि माल्कम यांच्या इंग्रज फौजांनी पहिली घेतली ती पेठच, आणि तिच्याच आडोशाने मोर्चे उभे केले. गडावरून अरब, मकराणी, बलुची शिपायांनी खाली येऊन छापे घातले; पेठेच्या गल्ल्यांत झालेल्या अशा एका चकमकीत लेफ्टनंट कर्नल फ्रेझर मारला गेला. २१ मार्चला इंग्रजांच्या मोर्च्यातला दारूचा साठा उडाला आणि बंगाल पलटणीचे तीसहून अधिक देशी शिपाई एका क्षणात गेले. मार्चअखेर खालचा गड पडला. वरचा गड ९ एप्रिलपर्यंत लढला. तीन आठवड्यांत इंग्रजांकडचे तीनशेवर मेले वा जखमी झाले. आतल्या सुमारे बाराशेंपैकी त्रेचाळीस मेले, पंच्याण्णव जखमी झाले. तट अजून पुष्कळसे शाबूत होते. आतली दारू संपत आली होती. आप्पासाहेब तोवर निसटून गेले होते. गडावर एक पत्र मात्र सापडलं, त्यात दौलतराव शिंद्यांनी किल्लेदाराला आप्पासाहेबांच्या सांगण्याप्रमाणे वागायला लिहिलं होतं. तेवढ्यावर इंग्रजांनी गड कायमचा ठेवून घेतला.

या दोन वेढ्यांची वर्णनं इंग्रजांनी बारकाईने लिहिली आहेत. कोणत्या मोर्च्यात किती तोफा, कोण अधिकारी कुठे जखमी. पेठेत कोण राहत होतं याबद्दल एक ओळ नाही. दोनदा जी वस्ती सर्वांत आधी पडली, जिच्या भिंतींआडून तोफा चालल्या, गडावरचे गोळे जिच्या छपरांवर पडले, ती माणसं त्या दिवसांत कुठे गेली? जंगलात, बऱ्हाणपुरात, की घरातच बसून राहिली? एवढं खरं की ती परत आली. गड जिंकणाऱ्याबरोबर गेला, पेठ पुन्हा उभी राहिली.

त्यानंतर चाळीस वर्षं मोठी चमत्कारिक स्थिती होती. गड इंग्रजांचा आणि बऱ्हाणपूर शिंद्यांचं. ज्या गडाने शहराला जन्म दिला त्यावर एक निशाण आणि शहरावर दुसरं. डिसेंबर १८६० च्या तहानंतर बऱ्हाणपूरही इंग्रजांकडे गेलं तेव्हा ही फारकत मिटली. गडावर इंग्रजांनी बराकी बांधल्या, चर्च बांधलं. त्यांची दफनभूमी आजही तिथे आहे, आणि तिच्यात लढाईत मेलेल्यांपेक्षा हवा न मानवून गेलेल्यांची संख्या जास्त असावी असं मला वाटतं.

गडाचा आणखी एक उपयोग इंग्रजांनी केला, फारुकींसारखाच. माणसं कोंडण्याचा. संबळपूरचे सुरेंद्र साय १८४० पासून सतरा वर्षं हजारीबागच्या तुरुंगात होते. १८५७ च्या उठावात सुटले, परत जाऊन डोंगराळ मुलखात इंग्रजांशी झुंजले, १८६४ मध्ये पुन्हा पकडले गेले आणि १८६६ मध्ये साथीदारांसह असीरगडावर आणले गेले. १८८४ मध्ये ते इथेच वारले. आयुष्याची सदतीसएक वर्षं कैदेत, त्यांतली अखेरची अठरा या डोंगरावर. पंजाबातल्या नामधारी शिखांच्या कूका चळवळीचे काही पुढारीही १८७२ नंतर इथे ठेवले गेले. ओडिशातला राजवंशी आणि पंजाबातला नामधारी शीख सातपुड्यातल्या एका डोंगरावर सरकारच्या कृपेने शेजारी झाले. त्यांना मीठमिरची, भाजी, दूध पोचवणारी माणसं पायथ्याच्या गावातलीच असणार.

रेल्वे आली आणि गडाची गरज संपली. भुसावळ-खांडवा लोहमार्ग याच खिंडीच्या परिसरातून गेला. फौज आता महूहून काही तासांत हलवता येऊ लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी गडावरची उरलीसुरली शिबंदी काढून घेतली गेली. गड प्रथमच रिकामा झाला. तिथल्या गुप्तेश्वर महादेवाला रोज पहाटे अश्वत्थामा ताजं फूल वाहून जातो ही श्रद्धा पंचक्रोशीत खोल रुजलेली आहे. तिचं खरंखोटं तपासण्यात मला रस नाही. ओस पडलेल्या गडावर लोकांनी कुणीतरी एक रहिवासी ठेवला, एवढं मला त्यातून दिसतं.

पुढची वस्ती किल्ल्याने नव्हे, कारखान्यांनी वाढवली. १९०६ मध्ये लालबागला तापी मिल निघाली. हातमागाच्या मोहल्ल्यांत नंतर यंत्रमाग आले. असीरगडाजवळच्या चांदणी स्टेशनाशेजारी जंगलातल्या सालई आणि बांबूवर चालणारा वृत्तपत्रकागदाचा देशातला पहिला कारखाना उभा राहिला आणि नेपानगर वसलं. २६ एप्रिल १९५६ रोजी नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली. तोवर या भागाची राजधानी नागपूर होती. नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, निमाड मध्य प्रदेशात राहिला, आणि खानदेशाची जुनी राजधानी खानदेशाबाहेरच राहिली. १५ ऑगस्ट २००३ पासून बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा आहे. सोयरिकी मात्र अजून रावेर, मुक्ताईनगर, जळगाव जामोदशी होतात. केळी दोन्हीकडे सारखीच पिकतात. शहरात गेलं की हिंदी, मराठी, गुजराती, निमाडी आणि उर्दू एकाच दुकानात ऐकू येतात.

असीरगड गाव इंदूर-इच्छापूर रस्त्यावर आहे. गाड्या थांबतात, लोक चहा घेतात, गड पाहून निघून जातात. या गावाचा इतिहास अजून कुणी लिहिलेला नाही, आणि तो लिहायला परदेशातल्या दप्तरखान्यांत जायची सुरुवातीलाच गरज नाही. गावातल्या घराण्यांना आपण कोणत्या पिढीत इथे आलो हे विचारावं. दर्गे, मंदिरं, विहिरी यांची नोंद करावी. गडावरच्या थडग्यांवरची नावं पुसून जाण्याआधी उतरवून घ्यावीत. बुधवाऱ्यातल्या आणि इतर जुन्या घरांत शिंद्यांच्या अमलातले मोडी कागद असतील तर ते वाचता येणाऱ्याला दाखवावेत. रावेर-बऱ्हाणपूरच्या शाळा-महाविद्यालयांतले पाच-सहा शिक्षक आणि विद्यार्थी मिळून एका उन्हाळ्यात यातलं बरंच काम करू शकतील.